वहिनींचं पॅडल रांगेत

वहिनींना सगळी गल्ली ओळखायची, पण त्यांच्याशी दोन शब्द बोलायला कोणाला फुरसत नव्हती. सव्वीस वर्षांचं इस्त्रीचं दुकान. दहा फुटांची खोली, दोन इस्त्र्या, भिंतीला टेकलेले गठ्ठे. गिऱ्हाईक येणार, गठ्ठा टाकणार, "संध्याकाळपर्यंत हं" म्हणून पाठ फिरवणार. नवरा जाऊन चार वर्षं झाली, लेक नोकरीला दुसऱ्या शहरात. बाई काही मुकी नव्हती. तोंडाचा पट्टा सुटला की भलेभले गार! पण सोडायचा कोणावर?

लेक जाताना आपलं पॅडल, म्हणजे खेळायची छोटी चपटी बॅट, घरीच ठेवून गेली होती. फोनवर म्हणाली, "आई, मैदानात सकाळी सहाला पिकलबॉल खेळतात. टेनिसचं धाकटं भावंड समज. जा की!"

"या वयात? हसतील लोक."

"एकदा जा. नाही जमलं तर पुन्हा नाव काढणार नाही."

वहिनींनीही मनाशी ठरवलं, एकदाच. कोणी जवळ केलं तर ठीक, नाहीतर आपलं दुकान बरं.

मैदानात चौघं खेळत होते, आठ-दहा जण बाकांवर. भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू टॉक-टॉक वाजत होता. वहिनी बाकाच्या टोकाला बसल्या, पॅडल छातीशी धरून. एक डाव संपला, चौघं उतरले, दुसरे चौघं चढले. मग तिसरा डाव. त्यांच्या मागून आलेली एक बाईसुद्धा खेळून घामाघूम होऊन परतली. वहिनींना मात्र कोणी हाक मारेना. तासाभरानं डोकं तापलंच.

"अहो, ऐका सगळे!" त्या उठल्याच. "हे बँकेतले साहेब. यांच्या बारा शर्टांची बटणं मला तोंडपाठ आहेत. आणि मी इथं तासभर बसलेय, ती यांना दिसत नाही? सरळ सांगा ना, इस्त्रीवाली चालत नाही म्हणून!"

खेळ थांबला. साहेब कानापर्यंत लाल. शेवटी निवृत्त पोस्टमनकाका पुढे आले.

"वहिनी, झालं ओकून? आता ते पॅडल हातातून सोडा."

"का? हाकलताय?"

"अहो, इथं कोणी कोणाला बोलवतच नाही! कुंपणाशी पॅडलं ओळीनं उभी आहेत ना? आपलं शेवटी लावायचं. पहिली चार ज्यांची, ते खेळणार. मग साहेब असो की हमाल. तुम्ही पॅडल कवटाळून बसलात, आम्हाला वाटलं नुसतं बघायला आल्यात."

वहिनींनी जीभ चावली. पण चूक निम्मीच त्यांची. कुठेही न लिहिलेला नियम नव्या माणसापुढे भिंतच असतो, आणि आतल्यांना ती कधी दिसत नाही. काकांनाही ते उमगलं असावं. "आम्हीच सांगायला हवं होतं," ते पुटपुटले.

वहिनींनी पॅडल रांगेत लावलं. नंबर आला, आणि जोडीदार कोण? बँकेतले साहेब!

पहिले तीन चेंडू त्यांनी इस्त्री फिरवावी तसे दाबून मारले. तिन्ही जाळीत.

"वहिनी, दाबू नका, खालून उचला."

"सव्वीस वर्षं दाबतेय साहेब, पाच मिनिटांत कसं सुटेल?"

साहेब खो-खो हसले. समोरचे दोघंही. मनगट हळूहळू वळायला लागलं. शिवाय दिवसभर उभं राहून कमावलेले पाय! बाकीचे धापा टाकत होते, वहिनी ताज्यातवान्या. गुण आठ-नऊ असताना चेंडू चौदा वेळा इकडून तिकडे गेला आणि पंधराव्यांदा वहिनींनी तो अलगद जाळीपलीकडे टाकला. समोरचे बघतच राहिले.

"घ्या!" त्या अशा ओरडल्या की बाकावरचे टाळ्या पिटत उठले.

डाव अकरा-नऊनं हातचा गेला. साहेब कमरेवर हात ठेवून म्हणाले, "मघाशी खरंच लक्ष गेलं नाही हो. बसा, जरा श्वास घ्या."

"श्वास दुकानात घेईन," वहिनी कुंपणाकडे धावत म्हणाल्या. "आधी सांगा, माझ्यापुढे किती जण आहेत?"