डाव्या हाताला ब्रेक

नमस्कार केला आणि मिठात जाऊन पडलो. कल्याणच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, दिवसाढवळ्या. बघायला माणसंही भरपूर होती.

पायगाडी, म्हणजे सायकल, घेऊन तेव्हा जेमतेम पंधरवडा झाला असेल. समोरून टांगा आला आणि टांग्यात आमचे वरिष्ठ. शाळाखात्यातले मोठे अंमलदार; सगळं कल्याण त्यांना रावसाहेब म्हणे. मी त्यांच्या हाताखालचा शाळातपासनीस. नमस्कार खरा दोन्ही हातांचा, पण माणूस वाहनावर असला तर एकटा उजवा कपाळाला लावला तरी चालवून घेतात. वरिष्ठ दिसले की तो हात आपोआप उठतो, आपल्याला विचारत नाही. तसा उठला. आणि ब्रेकची दांडी नेमकी त्याच हाताखाली होती. त्यात या गाडीची पायडलं चाकाशी जखडलेली, उतारावर ती स्वतःच गरगर फिरतात, म्हणून मी पाय आधीच उचलून पुढच्या खुंट्यांवर ठेवले होते. म्हणजे पाय अधांतरी, उजवा हात कपाळाला आणि बाकी सगळा संसार डाव्या हातावर. मचव्यातून उतरवलेल्या मिठाचा एक मोठा ढीग रस्त्याकडेला होता. गाडीला तो आवडला.

रावसाहेबांनी टांगा थांबवला नाही. मागे वळून पाहिलं मात्र.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या बांधून मी उभा.

"काल आपण आम्हाला नमस्कार करत होता की कसरत?"

"नमस्कारच, रावसाहेब."

"वडीलधारी माणसं समोर आली की घोड्यावरून उतरतात. आपण का उतरला नाहीत?"

"घोडा उभा राहतो. ही थांबली की आडवी होते."

"मग आपणही आडवे व्हा. पण उतरा. पुन्हा न उतरता समोरून गेलात तर दौऱ्याला पायगाडी बंद. हुकूम काढतो मी. बैलांच्या दमणीतून जायचं, पूर्वी जात होता तसं."

दमणीतून म्हणजे काय, ते सांगतो. माझ्या शाळा डोंबिवलीपासून पार शीळच्या पलीकडे, एका गावात एक अशा विखुरलेल्या. बैल आपल्या मताने चालणार, मुलांच्या परीक्षा घेता घेता ऊन उतरणार, आणि मुक्काम पाटलाच्या ओटीवर पडणार. आठवड्यातले निम्मे दिवस मी परक्या ओटीवर ढेकणांना पोसत असे. पायगाडी आल्यापासून दिवेलागणीला घरी. मला घरी जेवायचं होतं आणि घरी झोपायचं होतं. यामागे थोर विचार वगैरे काही नव्हता. पण इतकी साधी गोष्ट एका माणसाच्या मर्जीवर जावी, हे मनाला खुपलं ते खुपलंच.

चार दिवस उतरूनही पाहिलं, नाही असं नाही. पण कल्याणात मला वडील नाही असा माणूस कोण? शेजारचे काका, बायकोचे मामा, माझ्या मुंजीला आलेले भटजी, लहानपणी मला छडी मारलेले पंतोजी. पारनाक्यावर तर हे सगळे पिकून उभेच असतात. उतरायला एक वेळ सोपं. चढायचं म्हणजे मागच्या खुंटीवर एक पाय ठेवायचा, दुसऱ्याने लंगडी घालत गाडीला पळवायचं आणि मग धोतर सावरत खोगिरावर झेप घ्यायची. ही झेप बघायला पोरं-बाया दारात येत. एका म्हाताऱ्यांसाठी उतरलो, विचारपूस केली, झेप घेतली. तेवढ्यात काहीतरी विसरलं म्हणून ते माघारी फिरले आणि पुन्हा समोर आले. पुन्हा उतरलो. त्या दिवशी माझ्या मागून चालत निघालेला पोस्टाचा शिपाई माझ्याआधी डोंबिवलीला पोचला, आणि पोचून माझी वाट बघत बसला.

तेव्हा ठरवलं, गाडी बदलायची नाही, गाडीचं हँडल बदलायचं. मुंबईला कोटात, म्हणजे फोर्टात, जाऊन गाडीच्या पारशी दुकानदाराला गाठलं. त्याने भिंतीवरची हँडलं काढून पुढ्यात मांडली. एक सरळ काठीसारखं. एक खाली वाकवलेलं, मेंढ्याच्या शिंगासारखं. तिसरं वर उचलून दोन्ही मुठी पोटाकडे वळवलेलं.

"फास्ट जायचा ने? मग हा घ्या, खाली वाकलेला," तो म्हणाला. "वारा डोक्यावरून जाते. समदा रेसवाला लोक हाच घेते."

"ब्रेक डावीकडे लावून मिळेल?"

"डावीकडे? कशाला? समदी दुनियामां जमणे हाथे ब्रेक!"

"आमच्या दुनियेत उजवा हात मोकळा लागतो. नमस्काराला."

"तर नमस्ते डाव्या हाथे करो नी! कोन बघते?"

कोण बघतं, हे त्याला समजावणं अवघड होतं. डाव्या हाताने नमस्कार केला असता तर रावसाहेबांनी माझी पायगाडीच काय, चाकरीही काढून घेतली असती. शेवटी मी हट्ट धरला आणि त्याने कुरकुरत दांडी डाव्या मुठीखाली नेली. ती खाली ओढली की सळई पुढच्या चाकावर दाबली जाते, इकडून ओढा नाहीतर तिकडून, चाकाला त्याचं काही नसतं. हँडल मात्र मी त्याच्या सांगण्यावरून वाकलेलं घेतलं. वेगाचा मोह. चाळिशी उलटली की तो जरा जास्तच होतो.

शीळच्या मोकळ्या माळावर त्या हँडलने गाडी खरोखर पळाली. पण पगडी नाकावर आली, पाठ धनुष्यासारखी ताणली, आणि डोक्यावर पाटी घेऊन येणारी एक आगरी म्हातारी बाजूला सरून म्हणाली, "आरं मास्तर, सगल्यांच्या पाया परत चाललास का रं?"

मी हसलो, पण पुढे कोसभर ते वाक्य गाडीबरोबर येत राहिलं. खरंच की. या हँडलवर मी दगडाला, बाभळीला, बैलाला, सगळ्यांना वाकून चाललो होतो. रावसाहेबांनी हे पाहिलं असतं तर खूश झाले असते. खाली उतरायलाही सांगितलं नसतं. माझा प्रश्न फुकटात सुटत होता. आणि तेच मला सहन होईना. वाकायचंच होतं तर गाडी कशाला घेतली? आणि वेगाचं म्हणाल, तर माझा वेग वाऱ्याने कधी खाल्लाच नव्हता. तो खाल्ला होता पारनाक्याने. जो वाटेत थांबत नाही तो लवकर पोचतो, मग त्याचं हँडल कसंही असो.

पुन्हा कोटात गेलो. तिसरं हँडल बसवून आणलं. पारशाने कपाळावर हात मारला, उजवा. पाठ सरळ, पगडी जागच्या जागी, कोपर अंगाला धरून मी असा बसे की जणू घरात झोपाळ्यावर बसलोय. शेजारच्या काकांनी ओट्यावरून विचारलं, "काय रे, मिरवणूक कोणाची?" म्हटलं, "माझीच, काका. नमस्कार." आणि न थांबता पुढे.

रावसाहेब भेटले ते त्याच बंदराच्या उतारावर. टांगा चढत होता, मी उतरत होतो. लांबूनच त्यांनी छडी उचलून मला थांबायची खूण केली. उतरलो तर रोजचं उतरणं आलं, नाही उतरलो तर दमणी. या वेळी पाय पायडलांवरच ठेवले, डाव्या मुठीने ब्रेक हळूहळू आवळला. गाडी माणसाच्या चालीवर आली. उजवा हात उचलून कपाळाला लावला. मग मोठं वळण घेऊन गाडी टांग्याच्या बरोबरीने चढाला लावली.

"नमस्कार, रावसाहेब."

"उतरा."

"नमस्कार पोचला ना?"

"पोचला. उतरा."

"पोचला असेल तर उतरून आणखी काय देऊ?"

टांगेवाल्याने मान पलीकडे वळवली; त्याचे खांदे हलत होते. रावसाहेब माझ्या हाताकडे बघत होते. मी पडायची वाट बघत असावेत. मीही बघत होतो. पण हात कपाळावरून मी काढला नाही. चढ संपेपर्यंत आम्ही असेच बरोबर चाललो, ते टांग्यात आणि मी नमस्कारात.

"हुकूम काढायचाच असेल तर त्यात कारण लिहा," मी म्हणालो. "नमस्कार केला, पण पडला नाही, असं लिहा."

रावसाहेबांनी छडी खाली ठेवली. "हात खाली घ्या आता," ते म्हणाले. "लोक बघतायत." आणि टांगेवाल्याला म्हणाले, "तू काय बघतोस? हाक!"

हुकूम निघाला नाही.

घरी आलो तो अंगणापासूनच बोलत. बायको चुलीपुढे होती. एरवी मी आत पाऊल टाकलं की ती हातातलं काम टाकून उठते, पदर सावरून बाजूला उभी राहते, पाट मांडते, तांब्या आणून देते. लग्न झाल्यापासून तसंच. त्या दिवशी ती बसूनच राहिली. मी सगळं सांगितलं, रावसाहेबांच्या आवाजात आणि माझ्या आवाजात, जरा हातवारे करून. तिने भाकरी उलटली, पापुद्रा फुगेपर्यंत थांबली, आणि मग म्हणाली,

"ऐकलं सगळं. बरं केलंत. आता मीही तव्यावर भाकरी टाकून तुमच्यासाठी उठायची नाही. आलात हे मला इथे बसूनही कळतं. पाट भिंतीशी आहे, घ्या तुमचा तुम्ही."