दिसेल असा टाका

फाटलेलं जॅकेट समोर आलं की काका सगळ्यात आधी भोकात मूठ घालायचे. कोपर असो, पाठ असो, खांदा असो, मूठ आरपार काढायची, पलीकडे पाचही बोटं उघडायची आणि जॅकेटवाल्याच्या नाकासमोर हलवायची.

"इथून रोड आत आला होता. पाह्यला? मंग, इम्याचा क्लेम टाकला काय?"

समोरचा नवखा असला तर म्हणायचा, "क्लेम वगैरे राहू द्या काका. फक्त शिवून द्या. दिसलं नाही पाहिजे."

"दिसलं नाई पाह्यजे?" ते मूठ मागे घ्यायचे, जॅकेटची घडी घालून त्याच्या हातात द्यायचे. "मंग दुसऱ्याकडं जा बाप्पा. माह्या दुकानात दिसते."

अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं सीटकव्हरचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लागून माझं झेरॉक्स-टायपिंगचं. आयुष्यभर त्यांनी एसटीच्या वर्कशॉपात बसच्या सीटा शिवल्या. "अर्धा जिल्हा माह्या टाक्यावर बसला," असं ते निवडणुकीला उभं राहिल्यासारखं सांगायचे. रिटायर झाल्यावर मोटारसायकलच्या सीटा शिवू लागले. मग चिखलदऱ्याच्या घाटात गाड्या घेऊन जाणारी पोरं जॅकेटं आणू लागली. हातमोजे, गुडघ्याची कवचं, कधी हेल्मेटचा फाटलेला पट्टा. जाड सुईचं मशीन गावात त्यांच्याकडेच होतं.

माझं बालपण पत्रकांत गेलं. वडील मोर्च्याची पत्रकं छापून आणायचे आणि आम्ही भावंडं जेवणाआधी घड्या घालायचो. त्यामुळे कोणी साधा अर्ज टाईप करायला दिला तरी माझ्या हातून त्यात 'जाहीर निषेध' उतरायचा. काकांच्या आणि माझ्या मैत्रीतलं सगळं भांडण याच एका गोष्टीवरून झालं.

रस्त्यावर पडून फाटलेली वस्तू ते लाल धाग्यानेच शिवायचे. काळ्या जॅकेटवर लाल टाके, ताज्या जखमेसारखे. तेही विमा कंपनीच्या सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान तपासणाऱ्या माणसाने, भोक पाहून कागदावर लिहिल्यानंतरच. त्याआधी सुई लावायची नाही. गिऱ्हाईक चिडायचं, परत जायचं. मीही एकदा म्हटलं, "काका, हा हट्ट धंद्याला परवडणारा नाही."

त्या दुपारी त्यांनी मला वलगावच्या माणसाची गोष्ट सांगितली.

हा माणूस औषध कंपनीचा. बॅग घेऊन दवाखान्यादवाखान्यांत फिरणारा. मोटारसायकलवरून पडला तेव्हा जॅकेटने त्याला वाचवलं. उजवं कोपर फाटलं, आतलं कवच भुगा झालं, हात शाबूत राहिला. दुसऱ्याच दिवशी तो जॅकेट घेऊन काकांकडे आला. काका तेव्हा नवेच रिटायर झालेले, हातात सफाई आणि डोक्यात त्या सफाईची घमेंड. त्यांनी काळ्या धाग्याने ते कोपर धागा धागा विणून काढलं. आत कवचाच्या जागी सीटचा फोम भरला. भोक कुठे होतं ते सांगता येऊ नये असं काम.

आठ दिवसांनी सर्व्हेअर आला. त्याने जॅकेट उलटंसुलटं केलं, मोबाईलवर चार फोटो काढले आणि लिहिलं, नुकसान आढळले नाही.

वलगावचा माणूस भांडला नाही. भांडणार कशावर? त्याला स्वतःलाही ते दिसत नव्हतं. तेच जॅकेट घालून तो फिरत राहिला आणि अचलपूरच्या रस्त्याला पुन्हा पडला, त्याच कोपरावर. टाका टिकला, कापड फाटलं नाही; पण सीटचा फोम बसायला असतो, पडायला नसतो. त्याचा उजवा हात आजही सरळ होत नाही.

"कंपनीनं खोटं लिवलं, ते तर हायेच," काका म्हणाले. "पन त्याईले खोटं लिवाले जागा कोनं करून देली? म्या."

ते जॅकेट उसवून पुन्हा लाल धाग्याने शिवायचं त्यांच्या मनात होतं. वलगावचा माणूस यायचा, चहा प्यायचा, डाव्या हाताने नमस्कार करायचा. जॅकेट मात्र देत नव्हता. म्हणायचा, "काका, एवढी सफाई पुन्हा कुठं भेटन? राहू द्या ना." त्याला ते कौतुक वाटायचं. तो गेला की काकांचं मशीन बराच वेळ बंद असायचं.

नंतर डॉक्टरीनबाई आल्या.

त्या गुरांच्या डॉक्टर. दर्यापूरकडच्या खेड्यांत मोटारसायकलवरून फिरायच्या. एका सकाळी गाभण म्हैस तपासून परतताना तुरीच्या शेतातून रोही, नीलगायीचा नर, उसळला आणि सरळ गाडीवर आला. बाई रस्त्यावर पाठीवर दूरवर घसरत गेल्या. अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे हात तपासायला जॅकेट उतरवत बसण्याइतका वेळ नव्हता, म्हणून जॅकेटची उजवी बाही कैचीने कापून काढली. हाताला प्लास्टर, बाकी बाई ठणठणीत. हेल्मेटवर फक्त ओरखडे.

"जनावरांचे डॉक्टर तुमी, अन् जनावरानंच पाडलं?" काकांनी विचारलं.

"त्याला माझी डिग्री माहीत नव्हती, काका."

बाईंनी जादा हप्ता भरून जॅकेट-हेल्मेटचाही विमा घेतला होता. कंपनीचं उत्तर आलं होतं. जॅकेट धारदार वस्तूने कापलेले आहे, ते अपघाती नुकसान नव्हे. हेल्मेट अखंड आहे. दावा नामंजूर.

वाचकहो, हे पत्र नीट पाहा. माणूस रस्त्यावर पडतो, दवाखाना त्याला वाचवायला कपडे कापतो आणि कंपनी म्हणते, तुम्हाला रस्त्याने नाही, कैचीने फाडलं! असली पत्रं आपल्या घराघरांत येतात. आपण ती कपाटात ठेवतो आणि 'जाऊ दे' म्हणतो. मला विचाराल तर आपल्या देशात सगळ्यात जास्त फायदा याच दोन शब्दांवर कमावला जातो.

बाईही 'जाऊ दे'पर्यंत आल्याच होत्या. "प्लास्टर निघालंय. सोमवारपासून कामावर जायचंय. बाही जोडून द्या, पाठीला ठिगळ लावा. मी चालवून घेईन."

"नाई."

"काका, गावं वाट पाहताहेत माझी."

"पाहू द्या. हे घालून तुमी पुन्हा पडल्या तं त्याचा जाब मी देईन काय कंपनी देईन?"

जॅकेट दुरुस्त झालं असतं तर दावा मेला असता आणि त्या पोकळ कवच घालून रोज रस्त्यावर उतरल्या असत्या. दुरुस्त झालं नाही तर कामाला जायचं कशात? काकांनी दोन दिवसांत तोड काढली. एसटीच्या सीटचं उरलेलं जाड रेक्झिन, आत दुहेरी गादी, कोपरांना आणि पाठीला नव्याने विकत आणलेली कवचं. तयार झालं ते जॅकेट होतं की चालती-बोलती सीट, हे ठरवणं अवघड होतं. बाई ते घालून दर्यापूरकडे गेल्या आणि आठवड्याभरात गावांनी त्यांचं नाव एसटीबाई ठेवलं. "एक जण तर हात दाखवून थांबवतो, तिकीट मागतो," त्या सांगायच्या. काका हसून हसून सुई हरवायचे.

इकडे मी अर्ज लिहिला. मनापासून लिहिला. दोन पानं. पहिल्याच ओळीत 'नफेखोर', तिसऱ्या ओळीत 'रक्तपिपासू'.

काकांनी चष्मा लावून तो वाचला. "हे कोनाले शिव्या देऊन राहिला तू?"

"कंपनीला."

"त्याईले शिव्या खाची सवय हाये. शिव्या वाचून तो साहेब चहा मांगवन. भोकाचं लिह्य."

मग त्यांनी मला जॅकेट शिकवलं. कैचीने कापलेल्या बाहीचे धागे एका रेषेत सरळ तुटलेले. पाठीवरचे धागे मात्र झिजून वितळलेले, टोकांना गोळ्या आलेल्या, त्यात रस्त्याची बारीक खडी अडकलेली. "कैची पाठीवर घसरत जाते काय? इचार त्याईले." हेल्मेटच्या आत त्यांनी अंगठा दाबला. एका बाजूचा फोम दगडासारखा बसलेला. "वरून सफरचंद, आतून सडेल." त्यांनी मला सगळी विशेषणं खोडायला लावली. दोन पानांचा अर्ज अर्ध्या पानावर आला आणि खरं सांगतो, तो वाचून मलाच पहिल्यांदा भीती वाटली. पत्रकांत इतकी वर्षं जो राग मी शोधत होतो, तो त्या अर्ध्या पानात कुठेही न ओरडता उभा होता.

नंतर आम्ही तिघं अकोल्याला गेलो. आधी दवाखाना. तिथला ड्रेसिंग करणारा म्हणाला, "काका, रोज किती कपडे कापतो आमी. लिहून काय द्याचं?"

"हात वाचवाले कापलं ना? मंग लिवाले लाज कायची?"

त्याने डॉक्टरांना विचारलं, डॉक्टरांनी एका ओळीत लिहून सही केली. उपचारासाठी बाही कापली.

मग कंपनीचं ऑफिस. साहेब तरुण होते, बोलायला गोड होते. काकांनी जॅकेट त्यांच्या टेबलावर पसरलं, पाठीच्या भोकात मूठ घातली आणि बोटं उघडली. साहेब खुर्चीतच मागे सरकले.

"आपण कोण?"

"शिवणारा."

"मग शिवून टाका ना काका. एवढ्याशा गोष्टीला..."

"शिवतो. मंग तुमी घालसान काय? अन् पडून दाखवसान काय याच्यावर?"

साहेबांनी डॉक्टरांची ओळ वाचली, भिंग मागवलं, धागे पाहिले. जॅकेटचा पुन्हा विचार करू, म्हणाले. हेल्मेट मात्र फुटलेलं नाही, त्याचं काही होणार नाही.

काकांनी हेल्मेट उचललं आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं. "चांगलं हाये ना? मंग घाला. हेच घालून गाडीवर घरी जा आज. आमी निंगतो."

साहेबांनी हात पुढे केला नाही. शेजारच्या टेबलांवरचं टायपिंग थांबलं होतं. काका तसेच हात लांब करून उभे राहिले. हात खाली आले नाहीत. शेवटी साहेबांनी हेल्मेटच्या आत हात घातला, दाबून पाहिलं आणि मान खाली घालून काहीतरी लिहू लागले.

पत्र महिन्याभराने आलं, इंग्रजीत. दोन्ही वस्तूंचा दावा मंजूर. मी काकांना ते मराठीत वाचून दाखवत होतो. एका वाक्याशी त्यांनी मला थांबवलं.

"हे पुन्हा वाच."

"तपासणीत नुकसान आढळले."

"पुन्हा."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी चष्मा काढला, मशीनवरचा लाल धागा उगाच ओवून पाहिला. बाकीचं पत्र ऐकायला ते थांबले नाहीत. त्या संध्याकाळी ते वलगावला गेले आणि हात हलवत परत आले. "देत नाई लेकाचा. म्हंते, तुमची आठवण हाये."

बाईंनी नवं जॅकेट घेतलं. गावांनी नाव बदललं नाही.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. आजार छोटा होता. लोकांचे इतके अर्ज केले त्यांनी, स्वतःच्या दुखण्याची साधी तक्रारही कुठे केली नाही.

तेरवीनंतर त्यांचा मुलगा दुकान रिकामं करत होता. मी मदतीला होतो, डॉक्टरीनबाई काकांचं मशीन एकदा पाहून घ्यायला आल्या होत्या. तेवढ्यात वलगावचा माणूस आला, बगलेत पिशवी.

"काका मागत होते," तो म्हणाला आणि जॅकेट टेबलावर ठेवलं.

आम्ही भोक शोधू लागलो. मी मूठ घालायला गेलो तर कुठेच शिरेना. त्याने स्वतः बोट ठेवलं, "इथं होतं," मग म्हणाला, "नाही, इथं." उजेडात धरलं, ताणलं, भिंग लावलं. काकांच्या त्या वेळच्या घमेंडीने ते असं काही बुजवलं होतं की आम्ही सगळे हरलो. मला त्या सफाईचा राग आला आणि डोळेही भरले.

मग बाईंनी बाही उलटी केली. डोळे मिटले आणि म्हशीचं पोट चाचपावं तशी बोटं फिरवली. "इथे. इथे धागा जास्त ताणलाय." ब्लेडची एक रेघ मारली. काळे टाके एकामागून एक सुटले आणि आतून सीटचा पिवळा, चपटा फोम टेबलावर पडला.

वलगावच्या माणसाने उजवी मूठ भोकात घालायचा प्रयत्न केला. हात सरळ होईना. त्याने डावी घातली, आरपार काढली आणि पाचही बोटं उघडली.

लाल धागा मशीनवरच होता. बाईंनी मशीन वापरलं नाही, सुई हातात घेतली आणि गायीची जखम शिवतात तसा एकेक टाका गाठ मारून घातला. टाके मोठे आले, वाकडे आले. काकांनी पाहिले असते तर आधी बाईंना दोन शब्द सुनावले असते.

ते जॅकेट आता कोणी घालत नाही. माझ्या दुकानाच्या दारात टांगलेलं आहे, उजवं कोपर बाहेरच्या बाजूला करून. टाके रस्त्याच्या पलीकडून दिसतात.