पायांवरचं बाळ

आमच्या विक्रोळीच्या चाळीत कुणाकडे बाळ झालं की पहिलं बोलावणं मला. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळ नडग्यांवर पालथं घालून तेल जिरवायचं आणि न्हाऊ घालायचं. त्यामुळे नातसुनेला दिवस गेले तेव्हा पणतवंड माझ्याच पायांवर न्हाणार, हे मी धरूनच चालले होते.

नेमकी तेव्हाच कमरेला खाज सुरू झाली. परकराची नाडी बांधते ना, तिथेच. जन्मभर घट्ट नाडी, त्यात मुंबईचा घाम. शेजारणीने ट्यूब दिली. मेडिकलवर नुसतं 'खाजेची द्या' म्हटलं की मिळते ती. लावली, आणि दोन दिवसांत खाज गायब! बंद केली की आठवड्यात परत. मग परत लावायची. असे कितीतरी महिने काढले. वर शहाणपणा असा, की मजल्यावरच्या दोघींनाही मी तीच ट्यूब घ्यायला लावली.

हळूहळू ते मांड्यांवर उतरलं, मग नडग्यांवर. नायट्यासारखं गोल नाही, कडा नाही. नुसती पातळ झालेली कातडी आणि पुरळ. मी म्हणायचे, उष्णता असेल.

नातसुनेला सातवा लागला होता. एकदा तिने माझे पाय पाहिले. "आजी, डॉक्टरकडे चला."

"अगं, ट्यूब आहे ना!"

"ती घेऊनच चला."

कातडीची डॉक्टरीण नातीच्या वयाची. तिने पायावरची साल खरवडून काचेवर घेतली, मायक्रोस्कोपखाली बघितली. म्हणाली, "नायटाच आहे, आजी. या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे. त्याने खाज दबते, नायटा मरत नाही, उलट पसरतो. आणि रूप असं बदलतो की ओळखूही येत नाही."

"म्हणजे मीच पोसला त्याला?"

"चांगला खाऊपिऊ घालून," ती हसली.

मला एकच विचारायचं होतं. "पायांवर बाळ घेता येईल ना?"

"बरं होईपर्यंत नाही. त्यालाही होईल."

त्या संध्याकाळी मी मजल्यावरच्या त्या दोघींकडे गेले. एक म्हणाली, "काय गो काकी, ट्यूब तूच घ्यायला लावलीस, आता तूच बंद कर म्हणतेस?"

"होय, मीच. उद्या चल डॉक्टरकडे."

ट्यूब सुटल्यावर आधी सगळं भडकलं. मग गोळ्या, दुसरं मलम, सैल नाडी, माझे कपडे वेगळ्या बादलीत. बाळ आलं तेव्हा नडग्यांवर पुरळ होतंच. मालिशवाली ठेवली. मी मोरीच्या दाराशी स्टुलावर बसून "मान धर, मान धर" करायचे.

"धरलीय हो मावशी!"

बाळ दोन महिन्यांचं झालं, तेव्हा डॉक्टरणीने परत खरवडून पाहिलं. काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाट मांडला. नातसून बाळाला घेऊन दारातच थांबली.

"आजी, आधी पाय दाखवा."

शाळेत नखं दाखवतात तसे मी पाय पुढे केले. तिने वाकून दोन्ही नडग्या पाहिल्या, बोटांच्या बेचक्यासुद्धा. मग बाळ ठेवलं. त्याला मालिशवालीची सवय. माझ्या पायांवर येताच त्याने भोकाड पसरलं.

"रड बाबा, रड," म्हटलं, आणि तळहातावर तेल घेतलं.