सफारी इस्त्रीला दिलीय

गोधडी शिवणाऱ्या बाईच्या घरातलं चिंध्यांचं गाठोडं कधी रिकामं होत नाही. आपण चार चिंध्या वापराव्यात, तर शेजारीण सहा आणून टाकते. वर म्हणते, "तुमच्या कामाला येतील!" किश्शांचंही तसंच आहे. गारखेड्यातल्या आमच्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढून मी आर्ट क्विल्टचा क्लास सुरू केला, तेव्हा वाटलं होतं की बऱ्यापैकी गोधड्या जमतील. गोधड्या जमल्या बेताच्याच. किस्से मात्र माळ्यावर मावेनात!

*

दारावर बोर्ड लावला, 'समकालीन आर्ट क्विल्ट शिका'. पहिल्याच सकाळी एक गृहस्थ रिक्षातून दोन गाद्या घेऊन हजर!

"पिंजून देता, की नुसत्या भरून?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. इथं कापडातून चित्रं करतात, ती भिंतीवर लावतात, ही एक कला आहे, वगैरे वगैरे. त्यांनी फार शांतपणे ऐकून घेतलं. गाद्या परत रिक्षात चढवल्या आणि जाता जाता म्हणाले,

"बरं, मग उशा तरी?"

*

त्यांच्या मागोमाग आल्या शकूमावशी. माहेर दौलताबादचं, शेतकऱ्याचं घर. लग्न होऊन शहरात आल्या त्याला जमाना झाला, पण बोलणं अजून किल्ल्याच्या पायथ्याचंच. मला म्हणाल्या,

"गोधडी मला येते, बाई. मला ती टांगायची कशी तेवढं शिकवा."

"टांगायची कशासाठी?"

"आमच्या ह्यांना दाखवायची हाय. अंगावर घेतलेली गोधडी माणूस बघतो व्हय? डोळे मिटूनच तर घेतो!"

'हे' म्हणजे भानुदासराव, वीज खात्यातून रिटायर झालेले. मावशींना रोज स्कूटरवरून सोडायला यायचे, पण फाटकाच्या आत कधी पाऊल टाकलं नाही. इंजिनसुद्धा बंद करायचे नाहीत. मी एकदा आग्रह केला, "या ना, मावशींचं काम तरी बघा." तर म्हणाले,

"भित्तीवर टांगायचं ते कॅलेंडर. वाकळ टांगली म्हणजे वाळत घातली. वाळत घातलेली वाकळ बघायला मी कशाला येऊ?"

आणि गेले भुर्रकन! आमच्याकडे वाकळ म्हणजे गोधडीच, पण ते म्हणायचे तेव्हा ती जरा जास्तच जुनी वाटायची. मावशी हसल्या, पण त्या दिवशी त्यांच्या टाक्यांची ओळ वाकडी गेली. या माणसानं एकदा समोर उभं राहून आपलं काम बघावं, एवढंच त्या बाईला हवं होतं. मला भानुदासरावांचा असा राग आला, की ती स्कूटरच पंक्चर करावी!

*

क्लासमध्ये मी रिकाम्या जागेचं महत्त्व शिकवत होते. सगळं कापड भरू नका, नजरेला थांबायला जागा सोडा. मावशींना हे पटेना. "रिकामी गोधडी? ऊब कुठनं यायची तिला?" पण माझ्या शब्दाखातर त्यांनी अर्धं कापड मोकळं सोडलं, आणि मीही खूश झाले.

पुढच्या आठवड्यात बघते तर काय, ते अर्धं कापड गच्च भरलेलं! फुलं काय, चौकोन काय, एक हत्तीसुद्धा!

"मावशी, हे काय?"

"काय करू, बाई! शेजारीण आली, तिनं बघितलं. काय बोलली नाय बिचारी. घरी गेली अन् आपल्याकडचं कापड घेऊन आली. म्हणली, कमी पडलं तर सांगायचं की वो!"

*

मावशींकडची एक रीत आहे. गोधडीचं शेवटचं टोक शिवून बंद करायच्या आधी आत भाकरीचा कुटका घालायचा. गोधडी उपाशी ठेवायची नसते. मला ही रीत इतकी आवडली, की मी सगळ्यांनाच ती करायला लावली.

आमच्यात एकच पुरुष, प्रभाकर सर. हर्सूलचे, रिटायर्ड ड्रॉइंग टीचर. त्यांनी आधी अंधश्रद्धेवर भाषण दिलं आणि मग बायकोकडून भाकरी मागून आणली. ऋजुता शेंद्र्याच्या एका कंपनीत नोकरीला. तिच्या डब्यात भाकरी कुठली? तिनं कालच्या पिझ्झाची कड घातली.

मावशी काळजीत पडल्या. "आगं, पचंल का तिला?"

आठवडाभरात गॅरेजमध्ये उंदीर शिरला. एका ओळीत सगळ्यांच्या गोधड्या ठेवलेल्या, त्यातली नेमकी ऋजुताचीच कुरतडली! पिझ्झा फस्त. भाकरीवाल्या गोधड्यांना दातसुद्धा लावलेला नाही. ऋजुता रडायच्या बेतात. मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या,

"शहरातला उंदीर हाय तो. भाकरी कशाला खातोय!"

*

शहरातल्या एका हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं ठरलं आणि मी सगळ्यांना गृहपाठ दिला, 'घरातलं आठवणीचं कापड आणा.' हा माझा सगळ्यात घातकी गृहपाठ! ऋजुतानं जुन्या मित्राचा टी-शर्ट आणला, आणि लग्न तिचं दुसऱ्याशीच ठरलेलं. सरांनी बायकोचा शालू आणला, तो बायको मागोमाग येऊन परत घेऊन गेली.

मावशींनी आणली एक सफारी. तपकिरी, जाड कापडाची.

"ह्यांची हाय. पोरीच्या लग्नात शिवली होती. मग नोकरीवरबी तीच घालायचे. डाव्या खिशातनं रोज घरी कायतरी यायचं. शेंगदाणे, लिंबू, कधी नुसतंच वाकडं तोंड."

"त्यांना विचारलंत?"

"विचारलं असतं तर दिली असती व्हय?"

आणि कच्चकन कात्री चालवली! खिसा मात्र होता तसा, शिवणीसकट काढून घेतला. मी म्हटलं, पूर्ण शर्टच लावू या. त्या म्हणाल्या, "आख्खा माणूस कुठं शिवता येतो, बाई? खिसा तेवढा शिवते."

*

अर्थात आठवडाभरातच भानुदासरावांना सफारी हवी झाली. पुतण्याचं लग्न!

"माझी सफारी कुठं हाय?"

"इस्त्रीला दिलीय," मावशी म्हणाल्या. तोंडातून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशीही इस्त्रीलाच. तिसऱ्या दिवशीही. शेवटी भानुदासराव स्वतःच कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे गेले. तो बिचारा शपथा घेतोय, "काका, तुमची सफारी माझ्याकडं आलीच नाय!" पण भानुदासराव ऐकतात होय? त्यांनी असा काही दंगा केला, की इस्त्रीवाल्यानं वैतागून समोरची एक तपकिरी सफारी उचलली आणि त्यांच्या हातात कोंबली.

तीच घालून स्वारी लग्नाला! आणि मांडवात ज्याची सफारी होती तोच माणूस पंगतीत शेजारी बसलेला. तो आपला वाढलेलं पान सोडून सारखा यांच्याकडेच बघतोय.

"काका, तुमची सफारी लई ओळखीची वाटायली."

भानुदासराव जिलेबी मोडत म्हणाले, "वाटणारच! एका इस्त्रीवाल्याकडची माणसं आपण!"

हे सांगताना मावशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "बाई, आता हे प्रदर्शनाला आले तर सफारी बघतील, अन् नाय आले तर गोधडी बघायची राहील. मी कशासाठी नवस बोलू?"



*

प्रदर्शनाच्या पहिल्या सकाळी हॉल उघडला, तर ऋजुताची गोधडी भिंतीवरून गायब! आम्ही चौघंही घाबरलो. शोधता शोधता मागच्या दारापाशी गेलो, तर रखवालदार रहीमचाचा ती पांघरून खुर्चीत गाढ झोपलेले.

"क्या करूँ मॅडम, ठंड भोत थी. और ये रजईच है ना?"

मी काही बोलायच्या आत ऋजुता आनंदानं नाचायला लागली. तिची निवड झाली होती! प्रभाकर सरांचा चेहरा मात्र पडला. त्यांची गोधडी दाराच्या अगदी जवळ होती, आणि आकारानंही मोठी.

"चाचा, माझी का नाही घेतली?"

"लिया था साब, पहले वहीच लिया था। उसमें सुई है!"

*

आणि त्याच दुपारची गोष्ट.

सकाळच्या उद्घाटनाचा फोटो एका सायंदैनिकात छापून आला. पाहुणे, मी, आणि मागे भिंतीवर मावशींची गोधडी. भली मोठी मोकळी पांढरी गोधडी, सगळीकडून बारीक धावदोरा, आणि मधोमध तपकिरी खिसा. मावशींनी आयुष्यात पहिल्यांदाच रिकामी जागा सोडली होती, आणि या वेळी शेजारणीला घरात येऊ दिलं नव्हतं.

तो पेपर काखेत मारून, बोटात स्कूटरची किल्ली फिरवत भानुदासराव हॉलच्या दारात उभे! मावशींनी त्यांना पाहिलं आणि सरांच्या गोधडीमागे जाऊन लपल्या. खालून चपला दिसत होत्या.

सर हात जोडून पुढे झाले. "या, या! ही माझी कलाकृती..."

"तुमची मागून."

ते सरळ खिशासमोर जाऊन उभे राहिले. खाली नावाची चिठ्ठी होती. नाव काय द्यायचं असं मी विचारलं होतं, तेव्हा मावशींनी एका दमात सांगितलं होतं. भानुदासरावांनी चष्मा लावून ते मोठ्यानं वाचलं.

"इस्त्रीला दिलीय."

त्यांनी परत वाचलं, या वेळी मनातल्या मनात. मग त्यांचा डावा हात सावकाश वर गेला आणि खिशात शिरला.

"काका, हात नका लावू!" ऋजुता धावली. "तिथं पाटी आहे."

"पाटी तुमची आसंल," ते मान न वळवता म्हणाले. "खिसा माझा हाय!"

आणि तसेच उभे राहिले, खिशात हात घालून, एका पायावर भार देऊन. माणसं येत होती, बघून जात होती. काही जण खिशाऐवजी त्यांनाच बघत होते. शेवटी सरांची गोधडी हलली आणि मावशी बाहेर आल्या.

"टाका बारीक हाय," भानुदासराव म्हणाले.

"व्हय."

"बाकीची जागा रिकामी का सोडली?"

"बाईंनी सांगितलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कापड नासलं नाय, बरं झालं."

संध्याकाळी हॉल बंद करायची वेळ झाली, तर भानुदासरावांच्या स्कूटरची किल्ली सापडेना! ऋजुता खुर्च्यांखाली वाकली, सरांनी चहाचे कप उलटे करून बघितले, रहीमचाचा पार्किंगपर्यंत शोधून आले. भानुदासराव अंगावरचे सगळे खिसे चापपून परत पहिल्यापासून चापपायला लागले. मावशी मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. त्या शांतपणे गोधडीपाशी गेल्या, खिशात हात घातला आणि किल्ली बाहेर काढली.

भानुदासरावांनी घ्यायला हात पुढे केला. मग मागे घेतला.

"ठेव तिथंच. आपण रिक्षानं जाऊ."

प्रदर्शन उठेपर्यंत स्कूटर हॉलबाहेरच उभी होती. भानुदासराव रोज सकाळी रिक्षानं यायचे, किल्ली जागेवर आहे ना हे बघायचे, आणि रिक्षानं परत जायचे.