केळीच्या चेंबरमधला थांबलेला आकडा

भवानी पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत इंद्रायणी पुजारीचं काम चालतं. वडील देवदत्त पुजारी सकाळी देवळात पूजेला गेले की ती खोलीचा पंखा लावते, टेबलावरचे बोर्ड आणि वायरी पुढे ओढते आणि कामाला बसते. पॉलिटेक्निक झाल्यावर काही वर्षं ती पुण्यात एका कंपनीत यंत्रांचे प्रोग्रॅम लिहीत होती. आईच्या आजारपणात सोलापूरला परत आली. आई गेली, आणि वडिलांना एकटं टाकून परत जावं असं तिला वाटलं नाही. इथंच कारखान्यांना, गोदामांना लागणारे, यंत्रं आपोआप चालवणारे छोटे कंट्रोलर ती बनवू लागली.

हैदराबाद रोडला, बाजार समितीच्या पुढं, सिद्धाराम शेठांचं केळी पिकवायचं केंद्र आहे. करमाळ्याकडून हिरवी केळी येतात, बंद चेंबरमध्ये ठेवली जातात आणि पिवळी होऊन बाहेर पडतात. पिकणारं केळं श्वास घेतं. भरलेलं चेंबर बंद ठेवलं तर आतली हवा माणसाला घेण्याजोगी राहत नाही, कार्बन डायऑक्साइड साठत जातो. म्हणून थोड्या थोड्या वेळानं झडप उघडून, मोठा पंखा लावून आतली हवा बाहेर काढावी लागते. हे सगळं बघणारा कंट्रोलर इंद्रायणीचा होता. त्यातला प्रोग्रॅम तिनं सी भाषेत लिहिला होता, आणि तो बिनतक्रार चालत होता.

मग शेठ म्हणाले, "मॅडम, मला हे मोबाईलवर दिसलं पाहिजे. कुठंही असलो तरी."

असल्या कामासाठी लोक बाहेरच्या कंपनीची सेवा घेतात, माहिती तिकडं पाठवतात आणि तिकडून बघतात. केंद्रावरचं इंटरनेट सारखं जायचं, म्हणून ते असेल तेव्हा बाहेरूनही दिसेल आणि गेलं तरी केंद्रावर दिसत राहील, असा दुसरा मार्ग इंद्रायणीनं धरला. तिनं एक अगदी हलका वेब सर्व्हर तिच्या प्रोग्रॅमच्या आतच बसवला. वेगळा संगणक नाही, वेगळं सॉफ्टवेअर नाही. मोबाईलच्या ब्राउझरनं पत्ता विचारला की तोच छोटा बोर्ड पान बनवून द्यायचा: तापमान, कार्बन डायऑक्साइड, पंखा चालू की बंद. सगळं ठीक असेल तर पान हिरवं. प्रोग्रॅमचे आता दोन भाग झाले होते आणि दोन्ही एकाच वेळी चालत. एक भाग सेन्सर वाचून पंखा चालवायचा आणि आकडे एका ठिकाणी लिहून ठेवायचा. दुसरा भाग, म्हणजे सर्व्हर, तिथले आकडे उचलून पानावर दाखवायचा.

शेठ खूश झाले. त्यांनी एक जुना टॅब चेंबरच्या दाराबाहेर टांगला, त्यावर ते पान कायम उघडं. चेंबर सांभाळणारे कुंडलिककाका मूळचे करमाळा तालुक्यातले, बायकोसह केंद्रावरच्या खोलीत राहायचे. आधी ते आत जायच्या अगोदर दार उघडून बराच वेळ बाहेर थांबायचे. टॅब आल्यापासून शेठांनी ते बंद करायला लावलं. दार उघडं राहिलं की गारवा जातो, माल एकसारखा पिकत नाही. "पान हिरवं दिसलं की आत जायचं, दार ओढून घ्यायचं," असं त्यांनी सांगितलं. इंद्रायणीला हे माहीत होतं. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट बरंच वाटलं होतं.

त्या दिवशी दुपारी दुधनीचे व्यापारी अनिलकुमार तिच्याकडे आले होते. त्यांना त्यांच्या गोदामासाठी असाच कंट्रोलर हवा होता. इंद्रायणीनं लॅपटॉपवर शेठांच्या चेंबरचं पान उघडून दाखवलं.

"हे आत्ताचं आहे काय?" अनिलकुमारांनी विचारलं.

"आत्ताचंच की. हे बघा," म्हणून तिनं पान पुन्हा मागवलं. तेच आकडे. तिनं पुन्हा मागवलं. तेच.

अनिलकुमार मान डोलावत होते. इंद्रायणीची मात्र बोटं थांबली. सेन्सरच्या आकड्यातला शेवटचा अंक कधीच स्थिर राहत नाही, काही झालं नाही तरी थोडा हलतो. हा हलत नव्हता. पान वेगानं येत होतं, हिरवंगार येत होतं, आणि त्यातला एकही आकडा बदलत नव्हता.

"काय झालं मॅडम?"

"थांबा जरा."

पानावर पंखा चालू करायचं बटण होतं. तिनं ते दाबलं. 'आदेश मिळाला' असं उत्तर लगेच आलं. पंख्यापुढं 'बंद' तसंच राहिलं. ती काय समजायचं ते समजली. सर्व्हर जागा होता, नम्रपणे आदेश घेत होता, पण ते आदेश पाळणारा भाग कुठंतरी अडकून पडला होता. तो कधी अडकला? बोर्डावरची नोंद उघडायला तिला वेळ लागला नाही. शेवटची खरी नोंद आदल्या संध्याकाळची होती. म्हणजे भरलेलं चेंबर रात्रभर आणि अर्धा दिवस बंद होतं, आणि दाराबाहेरचा टॅब सगळ्यांना आत या म्हणून सांगत होता.

तिनं कुंडलिककाकांना फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. मग शेठांना. ते मालाच्या सौद्यासाठी नातेपुत्याला गेले होते.

"शेठ, चेंबरमध्ये कुणाला जाऊ देऊ नका. पानावरचे आकडे खोटे आहेत."

"खोटे कसे? माझ्याकडं पान उघडलंय. हिरवं दिसतंय सगळं."

"तेच तर! कालचं हिरवं आहे ते. काका फोन उचलत नाहीत. तिथं अजून कोण आहे?"

"तो आणि त्याची बायको. गाडी भरायला हमाल चारनंतर येणार. मी... मी लावतो फोन त्याला."

अनिलकुमार आधीच उठले होते. "माझी गाडी बाहेर आहे. चला."

निघताना तिनं सेन्सर तपासायला वापरायचा, हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा हातातला मीटर पिशवीत टाकला. गाडीत ती सारखा फोन लावत राहिली. मार्केट यार्डाच्या अलीकडं ट्रक आडवा लावून कुणीतरी कांदा उतरवत होतं. अनिलकुमारांनी हॉर्नवरचा हात काढलाच नाही, खिडकीतून कानडीत काहीतरी ओरडले, आणि गाडी रस्त्याच्या कडेच्या मातीतून पुढं काढली. इंद्रायणीच्या डोक्यात एकच ओळ फिरत होती. सेन्सर वाचणारी ओळ. उत्तर येईपर्यंत थांब, असं तिथं लिहिलं होतं. किती वेळ थांबायचं ते लिहिलं नव्हतं. सेन्सरची वायर तुटली तर उत्तर कधीच येणार नाही, आणि तो भाग जन्मभर वाट बघत बसेल. पुण्यात असती तर दुसऱ्या कुणाच्या प्रोग्रॅममध्ये ही चूक तिनं पहिल्या वाचनात पकडली असती.

केंद्रावर पोहोचले तेव्हा रंभाबाई, कुंडलिककाकांची बायको, बाहेर रिकामे क्रेट धूत होत्या.

"काका कुठं आहेत?"

"आत गेल्यात की. आत्ताच. गाडी यायच्या आदी माल बगतो म्हनले. फोन खोलीतच ऱ्हायलाय त्येंचा." इंद्रायणीचा चेहरा बघून त्यांनी क्रेट खाली ठेवला. "का वो ताई?"

दार ओढलेलं होतं. शेजारी टॅबवर हिरवं पान. इंद्रायणी आणि अनिलकुमारांनी दोन्ही हातांनी दार ओढलं. आतली गार, जड हवा बाहेर आली आणि इंद्रायणीच्या नाकात सोड्याच्या बाटलीसारखं झणझणलं. तिनं मीटर पुढं धरला. आकडा बघून ती मागं सरकली.

क्रेटच्या दोन रांगांच्या मधल्या वाटेवर, दारापासून फार लांब नाही, कुंडलिककाका भिंतीला टेकून बसल्यासारखे पडले होते. डोकं छातीवर.

"अवो!" रंभाबाई किंचाळल्या आणि आत धावल्या. इंद्रायणीनं त्यांना कमरेला मिठी मारून मागं ओढलं.

"मावशी, नको! तुम्ही पण पडाल."

"सोड मला! सोड, मानूस मरतंय माजं!"

"पंखा लावते. आधी पंखा. अण्णा, यांना धरा!"

अनिलकुमारांनी रंभाबाईंना धरलं. बाईंनी त्यांच्या हातावर बुक्क्या मारल्या, पण अनिलकुमारांनी सोडलं नाही. इंद्रायणी कंट्रोलरच्या पेटीकडं धावली. पेटीवर एक साधा खटका होता: एकीकडं प्रोग्रॅमनं चालवायचं, दुसरीकडं हातानं. तिनं तो हाताकडं फिरवला. मोठा पंखा घरघरला आणि सुरू झाला. झडप मात्र बंदच. ती मोटर वेगळी होती. तिनं पेटीचं झाकण उचकटलं, झडपेच्या रिलेवरचं, म्हणजे तिच्या मोटरला वीज देणाऱ्या खटक्यावरचं, बोटाएवढं बटण दाबून धरलं. वर भिंतीत पत्रा कुरकुरत उघडला, आणि बटण सोडल्यावरही उघडाच राहिला.

मीटर अनिलकुमारांच्या पायाशी पडला होता. "खाली येतोय का आकडा?" तिनं ओरडून विचारलं.

"येतोय. हळू येतोय."

"अवो, उटा की! अवो!" रंभाबाई दारातून हाका मारत होत्या. आत हालचाल नव्हती.

थांबावं की जावं? आत गेलेल्याला काढायला गेलेला दुसरा माणूसही पडतो, हे तिला माहीत होतं. मीटरचा आकडा अजून चांगला नव्हता. पण आत पडलेल्या माणसाला तीच हवा घ्यावी लागत होती. दार सताड उघडं होतं, पंखा ओढत होता, वाट लांब नव्हती.

"अण्णा, श्वास भरून घ्यायचा. आत गेल्यावर घ्यायचा नाही. नाही धरवला तर त्यांना तिथंच सोडून बाहेर यायचं. मावशी, तुम्ही इथंच थांबा. आम्ही पडलो तर आत येऊ नका, रस्त्यावर जाऊन ओरडा. ऐकताय ना?"

रंभाबाईंनी मान हलवली. दोघं आत गेले. इंद्रायणीनं एक काख धरली, अनिलकुमारांनी दुसरी. अंग वाटलं होतं त्याहून जड होतं. काकांची टाच एका क्रेटला अडकली, क्रेट कलंडला, केळीचे घड वाटेत पसरले. तिची छाती फुटायला आली. अनिलकुमारांनी लाथेनं क्रेट बाजूला लोटला आणि जोरात ओढलं. उंबऱ्यावर पोहोचताच रंभाबाईंनी नवऱ्याच्या सदऱ्याला धरून खेचलं आणि चौघंही बाहेरच्या फरशीवर पडले.

काकांचा श्वास चालू होता. आधी तो दिसतच नव्हता. मग छाती एकदम वर आली, खाली गेली, ते कुशीवर वळून ओकले. रंभाबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन नुसत्या हलत राहिल्या. अनिलकुमारांनी रुग्णवाहिकेला फोन केला.

दवाखान्यात काका शुद्धीवर आले, पण डोकं फुटेल असं दुखत होतं आणि आपण आत कधी गेलो हे आठवत नव्हतं. शेठ नातेपुत्याहून तिथं आले. त्याआधी ते केंद्रावर जाऊन आले होते. सेन्सरची वायर उंदरानं कुरतडलेली त्यांना सापडली होती.

"उंदीर म्हणजे कुणाच्या हातातली गोष्ट नाही," ते व्हरांड्यात म्हणाले. "आणि कुंडलिकनं दार तरी जरा उघडं ठेवायचं. इतक्या वर्षांचा माणूस."

इंद्रायणी म्हणाली, "दार उघडं ठेवू नको असं तुम्ही सांगितलं होतं, शेठ. आणि ते माझ्या पानाच्या भरवशावर. वायर तुटणार हे मी धरायलाच हवं होतं. चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे. काकांचं नाव घेऊ नका."

शेठ चष्मा काढून पुसत राहिले. रंभाबाई दाराशी उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं.

"म्हंजे ते हिरवं खोटं हुतं व्हय?"

"हो मावशी. कालचं होतं. कालचं आहे असं सांगायला मी त्याला शिकवलंच नव्हतं."

"तुमच्या हिरव्यावर इस्वास ठिवून गेले त्ये आत." त्यांचा आवाज चढला नाही. "तुमी काडलं भाईर, ते खरं हाय. पन आत गेले कशानं, तेबी खरं हाय." आणि त्या आत जाऊन नवऱ्याच्या उशाशी बसल्या.

त्या रात्री इंद्रायणी जेवली नाही. देवदत्तांनी विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं. ऐकून ते म्हणाले, "माणूस वाचलाय. आता ते नीट कर. हे काम सोडून देण्याचा विचार असेल तर तो नीट केल्यावर कर."

ती कामाला लागली. सेन्सरचं उत्तर वेळेत आलं नाही तर थांबायचं नाही, पुढं जायचं. प्रत्येक आकड्याबरोबर तो कधी घेतला तेही लिहायचं. आकडा शिळा झाला की सर्व्हरनं तो दाखवायचाच नाही. पान लाल, आकड्याच्या जागी रेघ, दारावर भोंगा. आकडा शिळा झाला किंवा प्रोग्रॅमच पूर्ण बंद पडला तर पंखा आपोआप चालू व्हावा आणि झडप उघडी राहावी, अशी जोडणी तिनं बदलली. शेठांकडून दारावर वेगळा मीटर लावून घेतला, आणि आधी दार उघडून थांबायचं, ही काकांची जुनी रीत परत आणली. शेठ गारव्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

कुंडलिककाका कामावर परत आले त्या दिवशी ती तपासणीसाठी केंद्रावर होती. काका जरा खंगले होते. टॅबकडं त्यांनी बघितलंही नाही. इंद्रायणीनं सगळ्यांना बोलावलं आणि त्यांच्या देखत सेन्सरची वायर उपटली. पान लाल झालं. आकडे गेले. भोंगा इतक्या जोरात वाजला की शेजारच्या गोदामातली माणसं बाहेर आली. वरची झडप उघडली, पंखा सुरू झाला.

तिनं वायर परत जोडली. रंभाबाई मागं उभ्या होत्या. त्या पुढं आल्या, पदराला हात पुसले.

"सरा तिकडं," त्या म्हणाल्या. "आता मी उपटून बगते."