चार बोटांचा उंबरठा

हे मी बायकोलाही कधी बोललो नाही. मुलांना तर नाहीच. पण आज सांगणार म्हणजे सांगणार — मध्येच शेपूट घातलं, तर तुम्ही मला उठू देऊ नका.

सत्तर सालाच्या आसपास मी कलकत्त्याला होतो, गार्डन रीचच्या एका सरकारी कचेरीत, इमारतींचा इंजिनिअर. आमच्या टेलिफोन बोर्डावर अणिमादी बसत. लहानपणीच पोलिओ झालेला, म्हणून चाकाची खुर्ची. भाऊ सकाळी रिक्षातून आणून सोडी, संध्याकाळी नेई. मधल्या वेळात बाई पाण्याचा घोट घेत नसत — कलकत्त्याच्या त्या उकाड्यात! का? संडासाच्या दारातून खुर्ची आतच जायची नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, बोलायचं कोणी नाही.

शेवटी त्यांच्यासाठी वेगळा संडास मंजूर झाला, काम माझ्याकडे आलं. दिल्लीहून आलेली एक मार्गदर्शक पुस्तिका होती. कायदा नव्हे, नुसती शिफारस — दार रुंद हवं, बाहेर उघडणारं हवं, भिंतीला धरायला दांडी हवी, उंबरठा नको. सगळं केलं हो मी! पण उंबरठा? आमच्या घरी संडासाचं पाणी बाहेर आलं, की आई अख्खं घर धुऊन काढायची. बिनउंबरठ्याचा संडास — छे! दिल्लीवाल्यांना काय कळतंय, म्हटलं, आणि चांगला चार बोटं उंच घालून घेतला.

पहिल्या दिवशी सगळी कचेरी बघायला जमली. खुर्ची उंबरठ्याला अडली. ढकलली, पुन्हा अडली. अणिमादी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जोशीबाबू, एइटुकु भेंगे दिन ना." एवढंसं फोडून द्या ना.

गवंड्याचं तासाभराचं काम. पण शेजारी मोठे साहेब उभे, माझी बढती त्यांच्या हातात. 'चुकलं' म्हणायला जीभ रेटेना. मी तोंड वर करून सांगितलं — नियमच तसा आहे, दीदी, पुस्तिकेत उंबरठा घालायलाच सांगितलंय.

धडधडीत खोटं! आणि बाईंनी ते खरं मानलं. "मग माझी खुर्चीच चुकीची असेल," म्हणाल्या, आणि उलट माझीच माफी मागितली. तेव्हा तरी बोलायला नको होतं? दुसऱ्या दिवशी? रोज त्यांच्या बोर्डापुढून जायचो — तेव्हा?

नाही बोललो. बढती मिळाली. त्यांचं पाणी बंद ते बंदच राहिलं. पुढे मूत्रपिंडाचं दुखणं जडलं आणि नोकरी सोडावी लागली — घर त्यांच्याच पगारावर चालायचं.

निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, या कचेरीत माझ्यासाठी कोणी झटलं असेल, तर जोशीबाबूंनी. सुजलेले हात जोडले.

आणि मी — मी तो नमस्कार घेतला.