पंपाचा वास

अकोल्यात मी मातीतल्या जिवाणूंवर काम करते. ज्या शेतांत वर्षानुवर्षं तणनाशक मारलं जातं, तिथले काही जिवाणू हळूहळू ते विषच खायला शिकतात. त्यांना हुडकायचं, वाढवायचं आणि बिघडलेल्या जमिनीत सोडायचं, हे माझं काम. सांगायला सोपं आहे. कुंडीतून बाहेर, खऱ्या शेतात पहिल्यांदा सोडले तेव्हा माझी झोप उडाली होती.

ते शेत भातकुलीजवळचं, भाजीपाला लावून अमरावतीला विकणाऱ्या एका काकूंचं. त्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवलेला तणनाशकाचा कॅन लवंडला आणि औषध खालच्या चार वाफ्यांत मुरलं. त्यानंतर तिथं मेथी उगवेना, सांबार तर दिसेचना. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. काकू पिशवीत माती घेऊन स्वतः अकोल्याला आल्या होत्या. "एवढंच सांगा मॅडम, हे मेली का जित्ती हाय?"

त्यांच्या मातीत मी कुंड्यांमध्ये माझे जिवाणू सोडले, मेथी पेरली. मेथी आली. मग त्यांना बाटल्या दिल्या. पहिला हात पेरणीआधी शेणखतात कालवून, दुसरा रोपं उगवल्यावर पाण्यातून. पहिल्यानंतर रोपं छान उगवली. दुसऱ्यानंतर आठवड्याभरात फोन आला.

"मॅडम, मेथी मुरगाळून राहिली. उगवलेलंबी चाललं आता."

त्या रागावल्या नव्हत्या, त्यामुळे मला जास्त लागलं. माझ्या डोक्यात एकच भीती होती. काही जिवाणू विष पूर्ण संपवत नाहीत, अर्धवट तोडून त्याचं दुसरंच काहीतरी करून ठेवतात. कधीकधी ते मूळ विषाहून वाईट असतं. माझ्या कुंड्यांमध्ये तसं दिसलं नव्हतं, पण कुंडी म्हणजे शेत नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळीच अमरावतीची एसटी धरली. बडनेरा येईपर्यंत मी मनातल्या मनात काकूंची माफी मागण्याचे चार-पाच प्रकार करून पाहिले होते.

वाफ्यात बसून पाहिलं. रोपांचे देठ पीळ पडल्यासारखे वाकले होते. काकूंचे यजमान धुऱ्यावर उभे होते. ते म्हणाले, "काही टाकलंच नसतं तं बरं होतं."

मग काकूंना म्हटलं, "दुसरा हात कसा दिला, अगदी तसाच मला करून दाखवा."

त्यांनी झोपडीतून पाठीवरचा फवारणीचा पंप आणला. मी त्याचं झाकण काढलं, वाकून हुंगलं आणि तिथंच थांबले. उग्र, औषधी, नाकात बसणारा तो वास मी रोज प्रयोगशाळेत घेते.

"काकू, यात आधी काय मारलं होतं?"

"तननाशक. कापसाच्या धुऱ्यावर. पन मीनं दोन खेपा धुतला न तो!"

मी हसायला लागले. थांबताच येईना, डोळ्यांत पाणी आलं. काकू घाबरल्या. "अवं, काहून हासून राहिल्या? झालं काय तुमाले?" मी सांगितलं, दोनदा धुऊन ते जात नाही, रबरात आणि नळीत चिकटून राहतं. बिचाऱ्या जिवाणूंना आपण विषाच्याच पंपातून पाठवलं. यजमानांनीही पंप हुंगला. मग ते चहा सांगायला गेले.

तरी खात्री हवीच होती. पंपात पाणी खळखळवलं, ते बाटलीत भरून अकोल्याला नेलं आणि प्रयोगशाळेतल्या चांगल्या मेथीवर ओतलं. ती तशीच पिळवटली. रोपं मरताना पाहून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. चूक मात्र माझीही होती. कशानं द्याल, हे मी बाटली देताना विचारलंच नव्हतं.

पुढच्या वेळी काकूंनी दोन्ही हात नव्या झारीनं दिले. मेथी निघाली, तिच्यामागून सांबारही निघाला. मातीची तपासणी केली तर तणनाशक बरंच उतरलं होतं. पूर्ण गेलं असं अजूनही म्हणणार नाही, पण जमीन सावरत होती.

मी गेले तेव्हा काकू वाफ्यात उकिडव्या बसून मेथी खुडत होत्या. वर न पाहताच म्हणाल्या, "जित्ती हाय, मॅडम."

परतीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. मूर्तिजापूर कधी गेलं कळलंच नाही. कंडक्टरनं खांदा हलवून उठवलं. "उतरा बाई, अकोला आलं."